मंजिरीबाईंच्या कामाविषयी

गिरगाव,
मंगळवार, १२ नोव्हेंबर १९५७

शकू,

आधी ‘चि.’ लिहिलं. मग ‘सौ.’ लिहावं की नाही ते कळेना. चोवीस वर्षांत मला कुणी सांगितलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. म्हणून दुसरा कागद घेतला आणि नुसतं नाव लिहिलं. नाव तरी माझ्या ओळखीचं आहे.

गेल्या बुधवारी लालबागला तुझं ‘दुसरी पाळी’ पाहिलं. तुझं काम मला आवडलं नाही.

म्हणजे पुष्कळ आवडलं. डिलाईल रोडच्या चाळीतली, मुलाच्या पाळीवर घड्याळ लावणारी आई तू पहिल्या पाच मिनिटांत उभी केलीस. तू तिथे आहेस हे मला माहीत नव्हतं. श्रेयनामावलीत ‘मंजिरीबाई’ वाचलं, तरी मी पडद्यावर शोधत राहिले आणि तू समोर पाणी भरत होतीस. बहिणीने ओळखू नये असं काम करणं सोपं नाही. तुझ्या मुलाचं काम करणारा तो नवा मुलगा मात्र प्रत्येक वाक्याआधी श्वास घेतो, पोहायला उडी मारतात तसा. त्याच्यासमोर तू अगदी सहज बोलतेस, म्हणून तो आणखी उघडा पडतो.

पण एका जागी तू मला इतकी खटकलीस की सहा दिवस झाले तरी बोच जात नाही. संपात गोळीबार होतो, मुकादम निरोप घेऊन येतो. तू तांदूळ निवडते आहेस. तो सांगतो. तू रडत नाहीस, ओरडत नाहीस. विचारतेस, “त्याचा डबा परत आणलात का?” माझ्या अंगावर काटा आला. आणि मग तू खाली बसतेस, आणि बसण्याआधी उजवा हात मागे नेऊन फ्रॉक सारखा करतेस!

शकू, तू नऊवारीत होतीस. कासोटा घातलेल्या बाईला बसताना मागे सारखं करायला असतं काय? तो हात सिस्टर अगाथांचा आहे. “फ्रॉक, गर्ल्स, फ्रॉक!” आपण बाकावर बसायच्या आधी त्या टाळी वाजवायच्या. चाळीतल्या आईला सिस्टर अगाथा कुठे भेटल्या?

माझ्या शेजारी मालन होती. मी दर बुधवारी परळला गिरणीतल्या बायकांना अक्षरं शिकवते, त्यांतली ती. वाइंडिंग खात्यात आहे. “बाई, आमच्यावरचा पिक्चर इलाहा,” म्हणून तिनेच मला ओढून नेलं. तुझा हात मागे गेला तशी ती हसून माझ्या कानाशी लागली, “ही काय आमच्यातली नाय. बसताना हात मागे कित्याक नेता ती?” मी काही बोलले नाही.

गाण्यांच्या पुस्तिकेवर कंपनीचा दादरचा पत्ता होता, तिथे हे पत्र पाठवते. उत्तर द्यायचं झालं तर पाकिटात दे.

राजलक्ष्मी

गिरगाव,
२ डिसेंबर १९५७

शकू,

पाकिटात दे म्हटलं, आणि तू पोस्टकार्ड पाठवलंस. मुद्दाम. तू सात वर्षांची असतानाही तुला ‘दार लावून घे’ म्हटलं की तू खिडकीसुद्धा उघडायचीस.

कार्ड मनमोहनच्या हातात पडलं. तो चहाच्या वेळी टपाल घेऊन बसतो, वकिलाची सवय. तुझ्या पाच शब्दांत त्याने वाचण्यासारखं फारसं काही नव्हतं. “चूक कबूल. आणखी काही? मंजिरी.” तरी त्याने ते दोनदा वाचलं.

“कुणाचं आहे हे, ताई?”

“शकूचं.”

“कोण शकू?”

यशोदा वहिनी बटर लावत होती. ती मान वर न करता म्हणाली, “अहो, कोण म्हणजे? तुमच्या पाठची. लग्नात माझा शालू जिने इस्त्री करताना जाळला ती.”

“त्या बाईचं नाव मंजिरी आहे. मंजिरी नावाची कुणी आपल्या घरात जन्मली नाही.”

“मग पत्र चुकून आलं असेल,” मी म्हटलं आणि त्याच्या हातातून कार्ड घेतलं.

तो अजून तसाच आहे. मुंबई मुंबईकरांची, तिचं वेगळं राज्य करा, गिरणगावच्या गर्दीवर सोडू नका, हे त्याचं रोज सकाळचं. मार्चमध्ये मी संयुक्त महाराष्ट्र समितीला मत दिलं, आणि परत आल्यावर त्याला सांगितलं. तीन दिवस त्याने मला ‘ताई’ म्हटलं नाही, ‘तुम्ही’ म्हणाला. मला गंमत वाटली. चोपन्नाव्या वर्षी कुणीतरी मला नव्याने मान दिला.

तू विचारतेस, आणखी काही? आहे. गेल्या आठवड्यात वहिनीबरोबर एक हिंदी चित्र पाहिलं. नायकाला क्षय, आणि त्या क्षयात तीन गाणी. तिसऱ्या गाण्यात तो जिना चढता चढता गातो. मी वहिनीला म्हटलं, “एवढा दम मला निरोगीपणी नाही.” पुढच्या रांगेतले गृहस्थ मागे वळून रागावले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नायिका रडते ती हनुवटीने. डोळे कोरडे, हनुवटी थरथरते. अशी रडणारी माणसं मी अंत्ययात्रेत पाहिली आहेत. ती बहुधा दूरची नातेवाईक असतात.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते. मागच्या पत्रात मी लिहिलं की मालनला मी काही बोलले नाही. ते खरं नाही. मध्यंतरात तिने विचारलं, “बाई, तुमी वळकतास तिका? मघापासून अशा बघतास!” मी म्हटलं, “छे. मी कशी ओळखीन?”

हे तुला कळलंच पाहिजे असं नव्हतं. पण तुझी चूक मी चार ओळी भरून लिहिली आणि माझी खाल्ली, हे मला बरं वाटेना.

राजलक्ष्मी

गिरगाव,
गुरुवार, ९ जानेवारी १९५८

शकू,

माझं मत मी मागे घेते. पूर्ण नाही, पण पुष्कळसं.

काल वर्ग लवकर सोडला आणि आम्ही अकरा बायका ‘दुसरी पाळी’ला गेलो. अक्षरांपेक्षा त्यांना हे जास्त हवं होतं. आणि श्रेयनामावली वाचायला त्यांना शिकवलं आहे ना मी? सुंदराबाई मोठ्याने वाचत होती, “मं… जि… री… बा… ई.” मागून कुणीतरी ओरडलं, “ए आजी, शाळा घरी!” ती ओरडली, “घरी शाळा आसती तर हयसर कशाक इलंय असतंय मेल्या?”

मग ती जागा आली. डब्याचं वाक्य झालं. तुझा हात मागे गेला. मी मालनकडे बघितलं, म्हटलं, आता ही हसणार. ती हसली नाही. तिने तोंडाला पदर लावला होता.

बाहेर आल्यावर म्हणाली, “बाई, ती चुकली नाय.”

मालनचा धाकटा दीर गुणाजी. तिने त्याला लहानाचा मोठा केला होता. दोन वर्षांपूर्वी, छप्पनच्या जानेवारीत, लालबागला गोळी लागून गेला. बावीस वर्षांचा. हे मला माहीत होतं. पण ती त्याबद्दल बोलत नसे, म्हणून मीही कधी विचारलं नव्हतं.

“गुणाजीचं सांगूक माणसं इली ना, तेव्हा माझोपण हात असोच मागे गेल्लो. पाठी भिंत आसा काय नाय ता बघूक. पायच गेल्ले माझे. मागल्या खेपेक मी हसलंय, कारण बघूक नको होता माका.”

शकू, मी पन्नास वर्षं फ्रॉक बघत होते, आणि तिला भिंत दिसली. आता तू खरं सांग, तो हात सिस्टर अगाथांचा होता की तू विचार करून केलंस? नको, सांगू नकोस. तुलाही ठाऊक नसेल तर मला आवडेल.

आणि हे सगळं डोक्यात घेऊन घरी आले, तर टेबलावर एक सिनेमाचं साप्ताहिक. त्यांच्या परीक्षकाने लिहिलंय: ‘मंजिरीबाईंचा अभिनय थंड वाटतो. पुत्रवियोगाच्या प्रसंगी त्या एखाद्या मडमेसारख्या कोरड्या राहतात. कामगारस्त्रीचं दुःख त्यांच्या आवाक्यातलं नव्हे.’ म्हणजे मीच तुला पहिल्या पत्रात जे लिहिलं ते, फक्त जास्त ऐटीत.

मी त्यांना उत्तर लिहिलं आहे. मालनचं नाव न घेता तिचं म्हणणं लिहिलं. हनुवटीने रडणाऱ्या नायिकांची सवय झालेल्या परीक्षकांना डोळ्यांनी न रडणारी आई थंड वाटते, असं लिहिलं. आणि शेवटी एक ओळ लिहिली आहे. ती काय ते सांगण्याआधी दुसरं एक सांगायला हवं.

तेहतीस साली तुझ्या पहिल्या बोलपटाचा फलक कोपऱ्यावर लागला. ओठ रंगवलेले, खाली ‘मिस मंजिरी’. मी तेव्हा आपल्याच शाळेत शिकवत होते. विधवा, वर्षभराची नोकरी, कायम व्हायची होती. मदरनी ऑफिसात बोलावून विचारलं, “ती फलकावरची मुलगी तुझी बहीण का?” मी म्हटलं, “नो, मदर.”

त्या दोन शब्दांवर मी एकवीस वर्षं नोकरी केली.

तू बाहेर व्हरांड्यात होतीस. मला भेटायला आली होतीस. खिडकीच्या झडपांमधून मला तुझी छत्री दिसली, निळी, पांढऱ्या दांड्याची. मी बाहेर आले तेव्हा तू नव्हतीस. त्यानंतर तू आली नाहीस याचं सगळ्यांनी कारण शोधलं, मी एकटीने शोधलं नाही. बाबा म्हणाले, तिला आपली लाज वाटते. मी त्यांना तसं म्हणू दिलं.

तर ती शेवटची ओळ अशी: ‘मंजिरीबाई या माझ्या सख्ख्या धाकट्या भगिनी आहेत, तेव्हा वाचकांनी माझं मत हवं तर पक्षपाती समजावं.’ खाली पूर्ण नाव आणि पत्ता.

राजलक्ष्मी

गिरगाव,
सोमवार, १७ फेब्रुवारी १९५८

शकू,

छापलं. एकही शब्द न गाळता. ‘भगिनी’च्या जागी ‘भागिनी’ झालं आहे, पण ते छापखान्यातल्या जुळाऱ्याचं पाप.

छापण्याआधी मनमोहनला कळलं होतं. संपादकांनी सही पडताळायला माणूस पाठवला, तो नेमका मनमोहन घरी असताना आला. तो गेल्यावर जे झालं ते तुला जसंच्या तसं लिहिते, कारण त्यात एक गोष्ट तुझ्याही कामाची आहे.

“ताई, तू टीका लिही, स्तुती लिही, हवं तर गाणी लिही. फक्त ती शेवटची ओळ काढ.”

“शेवटच्या ओळीसाठीच वरचं सगळं लिहिलंय.”

“शशिकांतचं लग्न ठरायचंय.” (शशिकांत त्याचा मुलगा.)

“मग त्या मुलीकडच्यांना आधीच कळलेलं बरं. नंतर कळलं तर फसवणूक होईल. तू वकील आहेस.”

“लोक हसतील. तिचं ते काम, ती चाळ, ते तांदूळ निवडणं! आणि निवडते तरी कशी? खडा डाव्या हाताला टाकते, आईसारखा. गिरणीतली बाई असा टाकते का?”

मी वहिनीकडे बघितलं. मग वहिनी म्हणाली, “तुम्ही कधी पाहिलंत?”

शकू, आपला भाऊ, ज्याच्या समोर न्यायाधीश बिचकतात म्हणे, तो कानापर्यंत लाल झाला. “शीवला,” म्हणाला.

“शीवला? एवढ्या लांब?”

“तिथे आपल्या ओळखीचं कुणी नसतं.”

वहिनीला हसू आवरेना, ती स्वयंपाकघरात पळाली. मला हसू आलं नाही. मी विचारलं, “कसं वाटलं तुला तिचं काम?” तो म्हणाला, “तो प्रश्न नाही.” मी म्हटलं, “तोच प्रश्न आहे.” तो उठला, कोट घातला, घरातच. मग म्हणाला, “ती ओळ छापली गेली, तर या घरात तुझ्याशी मी बोलणार नाही.” आणि तो शब्दाचा पक्का आहे. आज तेरा दिवस झाले. टेबलावर मीठ हवं असलं तरी वहिनीमार्फत मागतो.

हळदीकुंकवाची आमंत्रणं मला तशीही येत नसत, त्यामुळे ती बंद झाली की नाही कळायला मार्ग नाही. पण वाटेत दोघीतिघींनी तोंड फिरवलं. मीसुद्धा फिरवते आता, त्यांच्या आधी. परळच्या वर्गात मात्र सुंदराबाईने ते पान पाटीवर ठेवून अक्षर अक्षर वाचलं, आणि मालन म्हणाली, “म्हणजे तेव्हा तुमी माका फसवलास!” मी म्हटलं, “हो.” ती म्हणाली, “बरा झाला सांगितलास,” आणि तिने मला धडा पुढे घ्यायला लावला.

मी सुखात आहे. तुझ्या पत्राची वाट बघते. या खेपेला पोस्टकार्ड चालेल, घरात आता लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही.

राजलक्ष्मी

गिरगाव,
रविवार, २३ मार्च १९५८

शकू,

या खेपेला तू पाकीट पाठवलंस. सहा पानं. उभ्याने वाचायला घेतली आणि तिसऱ्या पानावर बसले.

तू लिहितेस, मी तुला विचारलं नाही. खरं आहे. तू लिहितेस, चोवीस वर्षं तू घराण्याशिवाय उभी राहिलीस आणि मी एका ओळीत ते घराणं तुझ्या डोक्यावर परत ठेवलं. हेही खरं. पुढच्या चित्रातलं कोळणीचं काम हातातून गेलं, कारण निर्माता म्हणाला, “बाई, तुम्ही मोठ्या घरच्या, टोपली डोक्यावर शोभायची नाही.” याचं मला मनापासून वाईट वाटतं. तो निर्माता मूर्ख आहे, पण त्याच्या हातात मूर्खपणाचं कारण मी दिलं. ते काम तू काय केलं असतंस, ते मला आता कधीच बघायला मिळणार नाही. शिक्षा झालीच असेल तर ती मलाही झाली आहे.

आणि पाचव्या पानावर तू ते लिहिलंस. व्हरांड्यात तू ऐकलंस तेव्हा तुला राग आला नाही. ‘सुटल्यासारखं वाटलं,’ असं लिहिलंस. ‘तू नाही म्हणालीस आणि मी कुणाची कुणी उरले नाही. मग मला कुठलीही बाई होता आलं.’ शकू, हे वाक्य मी अनेकदा वाचलं. माझ्या पापाचा तुला उपयोग झाला, हे ऐकायची मला सवय नाही. ते मला माफ केल्यासारखंही वाटत नाही, आणि न केल्यासारखंही.

पण शेवटच्या पानावर तू म्हणतेस, साप्ताहिकाला दोन ओळी लिही: नावात घोटाळा झाला, मंजिरीबाई माझ्या कुणी नव्हेत.

नाही लिहिणार.

एकदा मदरना नाही म्हटलं. दुसऱ्यांदा लालबागला, अंधारात, मालनला. सिस्टरांनी आपल्याला बायबलातल्या त्या कोळ्याची गोष्ट शिकवली होती, आपल्या गुरूला ओळखत नाही असं तीनदा म्हणणाऱ्या. वर्गात तुला त्याचा फार राग आला होता. मी मात्र म्हणाले होते, बिचारा घाबरला असेल. मी तेव्हापासूनच तशी होते. आता या वयात मला घाबरायचा कंटाळा आला आहे. मनमोहनसाठी ती ओळ काढली नाही, शशिकांतच्या लग्नासाठी काढली नाही. तुझ्यासाठी काढली असती, असं वाटलं होतं. पण तुझ्यासाठीसुद्धा नाही. तू माझ्यावर रागाव, माझी पत्रं परत पाठव. तुला बहीण नको असण्याचा हक्क आहे. पण मला बहीण नाही, हे मी म्हणायचं नाकारते.

आता तुझ्या कामाविषयी, कारण ते सोडून मी पत्र संपवणार नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी तुझं नवीन चित्र पाहिलं, दादरला. त्यात तू मोत्यांची कुडी घातलेली, बंगल्यातली सासू आहेस. आमच्यासारखी, म्हणजे आपल्यासारखी. आणि तू वाईट केलं आहेस. सबंध. चाळीतली आई तू परकी असून आतून केलीस. ही बाई आपल्या घरातली, आणि तिला तू बाहेरून केलीस, मुखवटा लावावा तशी. मान ताठ, आवाज नाकात. आई अशी बोलायची का? आई चिडली की तिचा आवाज खाली यायचा, ऐकायला आपल्याला पुढे सरकावं लागायचं. तुला ते माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. तू त्या बाईला घाबरलीस, शकू. तिथे कुणी नाही म्हणालं नव्हतं, म्हणून तुला सुटता आलं नाही. असं मला वाटतं. मी चुकत असेन. तुझ्या बाबतीत मी एकदा एका हातावरून चुकले आहे.

म्हणून परत बघणार आहे. येत्या बुधवारी वर्ग नाही, दादरलाच तीनच्या खेळाला जाईन, बाल्कनीत. एकटीच. मनमोहनने वहिनीमार्फत विचारलं, “कुठला खेळ?” मी वहिनीमार्फत सांगितलं. तो येईल असं मी म्हणत नाही. दादरला त्याच्या ओळखीचे पुष्कळ लोक असतात.

तुझं घर तिथून जवळ आहे, असं पाकिटावरून दिसतं. मी बोलावत नाही. शेजारच्या खुर्चीवर माझी शाल ठेवीन, आणि कुणी विचारलं, “बाई, इथे कुणी आहे का?” तर सांगेन, माझी बहीण यायची आहे.

तू आली नाहीस, तरी खेळ संपेपर्यंत हेच सांगेन.

तुझी,
ताई